२६/११च्या स्मरणार्थ शांतीची प्रार्थना: क्रम कसा लावावा?

पंच_मुंबई
सलाम. आमची मराठी प्रोटेस्टंट मंडळी, उपस्थिती साधारण १२०. २६/११च्या मृतांचं स्मरण आणि देशाच्या शांतीसाठी प्रार्थना ठेवायची आहे. २०२६ साली २६ नोव्हेंबर गुरुवारी येतो आणि २९ला आगमनकाळाचा (नाताळाआधीच्या तयारीच्या काळाचा) पहिला रविवार. गुरुवारी वेगळी भक्ती ठेवावी की रविवारच्या उपासनेतच घ्यावं? १६६ नावं वाचावीत का? शेजारच्या कॅथलिक चर्चलाही बोलवायचा विचार आहे.

उपासनाक्रम
गुरुवारीच ठेवा, ५० मिनिटांत आटपेल अशी. रविवारी आशेची पहिली मेणबत्ती लागते, मुलं पुढे येतात. त्याच तासात शोक बसवला तर दोन्ही अर्धवट राहतं. २००८ सालीही वेढा शनिवारी सकाळी संपला आणि दुसऱ्याच दिवशी आगमनकाळाचा पहिला रविवार होता. म्हणून रविवारी मध्यस्थीच्या, म्हणजे इतरांसाठी केलेल्या, प्रार्थनेत एक विनंती जरूर घ्या, पण एकच.

क्रम असा: घंटा, स्तोत्र १३० आळीपाळीने, गीत, विलापगीत ३:१९-२६, दहा मिनिटांचं मनन, ठिकाणांचं स्मरण, दोन मिनिटं स्तब्धता, रोमकरांस १२:१७-२१, मध्यस्थी, प्रभूची प्रार्थना, आशीर्वाद. विलापगीत देवाच्या दयेच्या २२व्या वचनापासून सुरू करू नका. १९ ते २१मध्ये कडू दवणा आहे, खचलेला जीव आहे. ते गाळलं की दया फुकटची वाटते.

नावांना प्रत्येकी चार सेकंद धरले तरी अकरा मिनिटं लागतात, आणि परदेशी नावांवर वाचणारा अडखळतो. त्याऐवजी ठिकाणं वाचा: छत्रपती शिवाजी टर्मिनस, लिओपोल्ड कॅफे, कामा रुग्णालयाचा परिसर, ओबेरॉय-ट्रायडंट, नरिमन हाउस, ताज. माझगाव आणि विलेपार्ल्याचे टॅक्सीतले स्फोट यादीतून हमखास गळतात, तेही घ्या. प्रत्येक ठिकाणानंतर घंटेचा एकच ठोका, तो पूर्ण विरेपर्यंत थांबायचं, मग पुढचं. पत्रिकेत आकडा १६६ हाच छापा. १७५ लिहिलं तर त्यात मारले गेलेले ९ हल्लेखोरही मोजले जातात.

वसईकर
कॅथलिकांना बोलावणार असाल तर मध्यस्थीचा मसुदा आधी दोन्हीकडे दाखवा. आम्ही कॅथलिक मृतांच्या आत्म्याला चिरशांती मागतो, तुमच्याकडे तशी प्रार्थना करत नाहीत. ऐन वेळी कोणी ती म्हटली की अर्धे लोक गप्प राहतात. ‘त्यांची आयुष्यं तुझ्या हाती सोपवतो, त्यांच्या घरच्यांना सांभाळ’ हे दोघांनाही मनापासून म्हणता येतं.

खुली प्रार्थना ठेवू नका. माईक हाती आला की प्रार्थनेचं भाषण होतं आणि एखाद्या समाजाकडे बोट जातं. मृतांत हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती, ज्यू सगळे होते, हे पहिल्याच विनंतीत आलं पाहिजे. पाच जणांना आधीच लिहून द्या, प्रत्येकी सहा ओळी: मृतांची कुटुंबं; जखमी आणि अजून घाबरून उठणारे; पोलीस, जवान, रेल्वे, हॉटेल व रुग्णालयांचे कर्मचारी; राज्यकर्ते; आणि हिंसेच्या वाटेला लागलेली तरुण मुलं. शेवटची विनंती जड जाते, तरी गाळू नका. मत्तय ५:४४ (‘आपल्या वैऱ्यांवर प्रीती करा’) वाचणाऱ्यांनी ती टाळली तर कोण करणार? प्रतिसाद एकच, छोटा: ‘हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक.’

गायनवृंद
स्तब्धता बहुतेक वेळा आपल्याकडूनच मोडते. पेटीवाला सवयीने सूर धरून ठेवतो, पाळक चाळीस सेकंदांतच बोलायला लागतात. एकाने घड्याळ धरावं, सुरुवात आणि शेवट घंटेने करावा. लोकांना ‘दोन मिनिटं’ असं आधी सांगा, म्हणजे कोणी चुळबुळत नाही.

मेणबत्त्या हातात देणार असाल तर लावण्याआधी पंखे बंद करा. पुठ्ठ्याची चकती तळापासून चार बोटं वर हवी, नाहीतर मेण थेट बोटांवर येतं. पेटलेली मेणबत्ती सरळ धरायची आणि न पेटलेली तिरकी करून तिच्याकडे न्यायची. उलटं केलं की मेण शेजारच्याच्या कपड्यांवर. दाराशी ओल्या वाळूचं घमेलं ठेवा.

पंच_मुंबई
आभार. मनन कोणावर सोपवावं?

उपासनाक्रम
तुमच्या पाळकांवरच, आणि लिहून. पाहुणा वक्ता दहा मिनिटांत थांबत नाही.