कि-७६ 'स्टेला': श्टोर्खची नक्कल की स्वतंत्र विमान?

गगनवेध:
दुसऱ्या महायुद्धातलं जपानी भूदलाचं छोटं विमान कोकुसाई कि-७६ (मित्रराष्ट्रांचं सांकेतिक नाव 'स्टेला') बहुतेक ठिकाणी 'जर्मन श्टोर्खची (फीझेलर फि-१५६ या हलक्या टेहळणी विमानाची) नक्कल' म्हणून एका ओळीत उरकलेलं दिसतं. वर बसवलेला पंख, लांब पाय, काचांची केबिन... फोटोत दोन्ही सारखीच वाटतात. खरंच नक्कल होती का? आणि भूदलाचं विमान जहाजावरून पाणबुड्या शोधायला कसं गेलं?

धावपट्टी:
नक्कल नाही. तारखाच बघा. भूदलाने १९४० मध्ये तोफखान्याची टेहळणी आणि संपर्क या दोन्ही कामांसाठी विमान मागितलं, मे १९४१ मध्ये ते उडालं. तुलनेसाठीचं श्टोर्ख जपान्यांच्या हाती आलं जून १९४१ मध्ये. कल्पना श्टोर्खवरून सुचली हे मान्य, पण आराखडा तयार होताना मापं घ्यायला समोर विमानच नव्हतं.

फोटोत ओळखायचं तर नाक बघा. श्टोर्खचं निमुळतं, कारण आत उलटं बसवलेलं आर्गुस व्ही-८ इंजिन, २४० अश्वशक्तीचं. स्टेलाचं गोल: ९ सिलिंडरचं हिताची रेडियल (सिलिंडर वर्तुळात मांडलेलं इंजिन), ३१० अश्वशक्ती.

खरा फरक फ्लॅपमध्ये, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेला खाली झुकणाऱ्या पट्ट्यांमध्ये आहे. श्टोर्खला फटीचे फ्लॅप, स्टेलाला फाउलर पद्धतीचे. फाउलर फ्लॅप आधी मागे सरकतो आणि मग खाली झुकतो, म्हणजे पंखाचा बाकही वाढतो आणि क्षेत्रफळही. या जुळणीत दोन्ही बाजू सारख्याच सरकायला हव्यात, नाहीतर विमान एका अंगावर कलंडतं. आणि जमिनीलगत, कमी वेगात, फ्लॅप झटकन आत घेतले तर बाक आणि क्षेत्रफळ एकदमच जातं आणि विमान खाली बसतं. फ्लॅप टप्प्याटप्प्याने घ्यायचे ते म्हणूनच.

वजनकाटा:
वरच्यात आकड्यांची भर. स्टेला: पंखविस्तार १५ मीटर, पंखाचं क्षेत्रफळ २९.४ चौरस मीटर, रिकामं वजन १,११० किलो, भरलेलं १,५३० किलो. म्हणजे पंखावर दर चौरस मीटरला ५२ किलो भार. श्टोर्खचा ५१च्या आसपास. स्टेलाला उतरायला किंचित जास्त जागा लागायची, पण बाकी कामगिरीत ती सरस ठरली. जादा ७० अश्वशक्तीचा हात त्यात नक्कीच आहे.

गगनवेध:
धन्यवाद, तारखांचा मुद्दा पटला. जहाजाचं सांगाल का? डेकवरच्या तारेत अडकून विमान थांबवणारा हुक मुळातच होता का?

धावपट्टी:
नाही, जहाजावरच्या कामासाठी बसवला. जहाज 'आकित्सु मारू', आणि तेही नौदलाचं नव्हे, भूदलाचं! मूळ काम सैन्य आणि उतराईच्या होड्या वाहण्याचं. सपाट डेक होता, पण त्यावर विमान परत उतरवण्याची सोय नव्हती. १९४४ मध्ये फेरबदल करून ती केली आणि स्टेलाला पाणबुडीविरोधी गस्तीवर लावलं.

हिशेब सोपा आहे. समजा विमान ताशी ७० किमीने उतरतंय आणि जहाज २० नॉटने, म्हणजे ताशी ३७ किमीने, वाऱ्याच्या तोंडावर चाललंय. डेकच्या तुलनेत वेग उरला ३३. त्यात समोरचा वारा धरला तर आणखी कमी. अडचण थांबण्याची कमी, थांबल्यावरची जास्त: एवढ्या हलक्या भाराच्या पंखाखाली झोत शिरला की उभं विमानसुद्धा उचललं जातं. हुक तारेत अडकलेला असला की निदान पुढे सरकत नाही. पंख धरायला माणसं धावलीच पाहिजेत.

वजनकाटा:
शस्त्रं म्हणजे ६० किलोचे दोन पाणबुडीविरोधी बॉम्ब आणि मागे एक ७.७ मिमी मशिनगन. भरलेल्या आणि रिकाम्या वजनातला फरक ४२० किलो. दोन माणसांचे साधारण १५० आणि बॉम्बचे १२० वजा केले की इंधन, तेल, गन आणि गोळ्या मिळून १५०च उरतात. बॉम्ब घेतले की गस्तीचे तास कमी होणारच.

'आकित्सु मारू' १५ नोव्हेंबर १९४४ रोजी अमेरिकेच्या 'क्वीनफिश' पाणबुडीने बुडवलं. त्या फेरीत ते सैन्य वाहत होतं, २,००० हून अधिक माणसं गेली.