मदत हवी आहे : अल्प्राझोलामचा शेवटचा पाव मिलिग्रॅम

तालुक्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस करतो. बीपी-शुगरच्या गोळ्यांबरोबर वर्षानुवर्षं अल्प्राझोलाम (झोपेसाठी, घाबरेपणासाठी देतात ती सवय लागणारी गोळी) घेणारे बरेच आजी-आजोबा माझ्याकडे येतात. एका आजींची मूळ चिठ्ठी घडीवर फाटलीय, तिला चिकटपट्टी लावून त्या दुकानात दाखवतात. औषध शेड्यूल एच१मधलं, म्हणजे चिठ्ठी पाहून, नोंद ठेवूनच विकायचं, तरी मिळतंच!

एकदम बंद केलं तर फिट येऊ शकते, हे घरच्यांना बजावून सांगतो. दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के कमी करायचं, हेही ठीक. पण ०.२५ची गोळी अर्धी केली की डोस थेट निम्म्यावर येतो. डायझेपामवर (त्याच जातीच्या, अंगात जास्त वेळ टिकणाऱ्या औषधावर) न्यावं, तर सत्तरीपुढच्यांच्या अंगात ते साठतं, मग रात्री बाथरूमला उठताना पडण्याची भीती. मानसोपचारतज्ज्ञांचं नाव काढलं की, "मी काय येडी आहे का, डॉक्टर?"

तुम्ही हा शेवटचा टप्पा कसा उतरवता? एक दिवसाआड देणं मला पटत नाही.

आणखी एक. कॅनडातल्या २०१४च्या अभ्यासात अशा गोळ्यांविषयी माहितीपुस्तिका दिलेल्या वृद्धांपैकी २७ टक्क्यांनी सहा महिन्यांत गोळी सोडली, न दिलेल्यांपैकी ५ टक्क्यांनी. तसं पत्रक साध्या मराठीत, मोठ्या टायपात कुणी केलं असेल तर पाठवाल का?