आवाज उतरला की बँडने थांबावं का?

रावपुरा_रॉकर :
मंडळी, परवा मुंबईची एक कॉन्सर्ट करून आलो. बँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की पुढचे चाळीस प्रतिसाद त्या माणसाच्या बाजूने नाहीतर विरुद्ध पडणार, आणि प्रश्न राहील बाजूला. एवढं सांगतो की कॉलेजात असताना फतेहगंजच्या खोलीवर याच माणसाची कॅसेट आम्ही इतकी घासली होती की बी साइड लावली तरी मागून ए साइड ऐकू यायची.

चौघे गेलो. तिकीट माणशी साडेसहा हजार, गाडीभाडं वेगळं, मैदानात पाण्याची बाटली शंभराला. तक्रार पैशाची नाही. पहिल्या दोन गाण्यांना अंगावर काटा आला. तिसऱ्यात ती ओळ आली, जिच्यासाठी तीस वर्षं थांबलो होतो, आणि गडी हसत हसत माइक पब्लिककडे धरून उभा. आम्ही बोंबललो. चौथ्या गाण्यात तेच. पाचव्यात माइक तोंडापासून वीतभर लांब, ओठ मिटलेले, आणि स्पीकरमधून कोरस मात्र खणखणीत. शेजारी आमचा साउंडवाला मित्र होता, नवरात्रात गरब्याची सिस्टिम लावतो. त्याने कोपर मारलं आणि कानाशी म्हणाला, "ट्रॅक." म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेला आवाज.

सकाळी बडोद्याला उतरून सेव उसळ खाताना यावरून जी जुंपली ती अजून चालू आहे, म्हणून हा धागा. वय होतं, आवाज उतरतो, त्यात लाज कसली? मग गाण्याची पट्टी उतरवा. तेही जमत नसेल तर थांबा. माझाच बेसूर आवाज ऐकायला मी चारशे किलोमीटर गेलो नव्हतो.

घसा_साफ_करून :
शंभर टक्के सहमत. वेळेत थांबणारे आहेत की. एरोस्मिथ बँडच्या गायकाला, स्टीव्हन टायलरला, सप्टेंबर २०२३ मध्ये स्वरयंत्राची दुखापत झाली. त्यांनी जवळपास वर्षभर वाट पाहिली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये दौरे कायमचे बंद केल्याचं सांगून टाकलं. आयर्न मेडनचा निको मॅकब्रेन घ्या. जानेवारी २०२३ मध्ये स्ट्रोक, त्यातून सावरून पुन्हा ड्रम्सवर बसला, आणि डिसेंबर २०२४ ला साओ पावलोत शेवटचं वाजवून उठला. वय ७२. लोक "अजून हवं" म्हणत असताना उठला.

ड्रॉप_डी :
तोच टायलर ५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर, ऑझी ऑसबॉर्न आणि ब्लॅक सॅबथच्या निरोपाच्या कॉन्सर्टमध्ये, गाताना अख्ख्या जगाने पाहिला, ते बरं विसरलात. दौरे बंद म्हणजे गाणं बंद नव्हे. स्लेयर बँडने २०१९ ला निरोप घेतला आणि २०२४ ला परत हजर. त्या ऑझीने, ब्लॅक सॅबथच्या गायकाने, तर १९९२ लाच दौऱ्याचं नाव 'नो मोअर टूर्स' (आता दौरे नाहीत) ठेवलं होतं. आपल्या नाटकांच्या जाहिरातीत 'शेवटचे काही प्रयोग' छापतात ना, तशातली गत.

आता मुद्दा. ब्लॅक सॅबथचा गिटारवादक टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात मशीनमध्ये त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. गडी डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हातच तो. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, पातळ तारा शोधल्या, आणि पुढे १९७१ च्या अल्बममध्ये तारा तीन अर्धस्वर ढिल्या केल्या. त्या ढिल्या तारांतून जो जडपणा आला, त्यावर पुढची पन्नास वर्षं मेटल उभं आहे. "बोटं गेली, आता थांब" हे त्याने ऐकलं असतं तर तुमच्या फतेहगंजच्या खोलीत ती कॅसेट कुठून आली असती?

रावपुरा_रॉकर :
अहो, मी तेच म्हणतोय! आयोमीने तारा उतरवल्या. बोटं शाबूत असल्यासारखा हात नाचवत मागे टेप नाही लावली. मेटालिका कित्येक वर्षं स्टेजवर अर्धा सूर खाली वाजवते. कोणाचं काय बिघडलं?

तानपुरा_चालू :
मी तुमचं ते मेटल ऐकत नाही, लेकीमुळे कानावर पडतं एवढंच. पट्टीचा विषय निघाला म्हणून लिहिते. आमच्या बाई पन्नाशीपर्यंत काळी चारमध्ये गायच्या, सत्तरीत काळी दोनवर आल्या. कोणी नाक मुरडलं नाही. उलट त्या वयातला त्यांचा पूरिया ऐकायला लोक घरी येऊन बसत. ज्या गावात फैयाज खाँसाहेब दरबारगायक होते, तिथे आवाज खाली आला म्हणून गाणं कमी झालं असं कोणी म्हणू नये.

पण ख्यालात सोय असते. मंद्रात घोळवता येतं, तारसप्तकाला नुसतं शिवून परतता येतं. आज जमलं नाही तर तिथे जायचंच नाही, वाट बदलायची. तुमच्यात ती सोय दिसत नाही. लेकीने मला एक गाणं ऐकवलं. दोन कडवी, कोरस, आणि कोरसच्या टोकाला एक किंकाळी. सगळं गाणं त्या किंकाळीसाठी बांधलेलं. आता किंकाळीची पट्टी उतरवली तर ती हाक होते हो.

ड्रॉप_डी :
ताई, दंडवत. शेवटचं वाक्य चोरतोय.

उलटा_फेरा :
साडेसहा हजार आवाजाचे नसतात राव, गर्दीचे असतात. मी १७ मे २०२५ ला महालक्ष्मी रेसकोर्सवर गन्स एन रोझेसला होतो. २०१२ ला ते भारतात आले तेव्हा बँडमध्ये गिटारवादक स्लॅश नव्हता, म्हणून रुसून गेलो नव्हतो. या वेळी स्लॅश टोपीसकट समोर. गायक ॲक्सल त्रेसष्ट वर्षांचा. कुठल्या ओळीला आवाज कुठवर पोचला याची वही मी ठेवली नाही. मे महिन्यातली मुंबई, शर्ट पिळून काढावा असा घाम, शेजारी दिमापूरहून आलेला एक पोरगा. त्याला मराठी येत नाही, मला त्याची भाषा येत नाही, आणि दोघांना एकूण एक शब्द पाठ. माझी संध्याकाळ वसूल.

आणि माइक पब्लिककडे धरला तर त्यात चोरी कसली? गरब्यात गायक अर्धी ओळ म्हणून थांबतो आणि उरलेली सगळं मैदान उचलतं. तेव्हा कोणी पासचे पैसे परत मागत नाही.

जाता जाता, सर्कल पिट (मेटल कॉन्सर्टला पब्लिक गोल धावते ते) आणि गरबा दोन्ही घड्याळाच्या उलट फिरतात. थट्टा नाही. कॉर्नेल विद्यापीठाच्या भौतिकशास्त्रवाल्यांनी मेटल कॉन्सर्टचे व्हिडिओ तपासून २०१३ मध्ये शोधनिबंध छापला, त्यात बहुतेक पिट उलटे फिरतात अशी नोंद आहे. मी पहिल्यांदा पिटमध्ये शिरलो तेव्हा पाय आपोआप बरोबर दिशेला पडले. फक्त तीन टाळ्या आवरल्या.

रावपुरा_रॉकर :
टाळ्यांवरून घरात सगळे हसले. पण गरब्याचं नाव काढलंत ते बरं झालं. नऊ रात्री, रोज तीन-चार तास, सातव्या दिवशी घसा बसतो तरी आपल्याकडचा माणूस खरं गातो. आवाज चिरकतो, चिरकू देतो. मागे ट्रॅक सोडत नाही. मी नेमकं तेच मागतोय.

मागची_रांग :
तुम्ही काका लोक "म्हातारा गाईल की थांबेल" एवढे दोनच रस्ते धरून बसलात. तिसरा पण आहे. लिंकिन पार्कचा गायक चेस्टर बेनिंग्टन २० जुलै २०१७ ला गेला तेव्हा मी सातवीत होते. आईला वाटलं वर्गातलं कोणी गेलं, इतकी रडले. सप्टेंबर २०२४ ला लिंकिन पार्कने त्याच्या जागी एमिली आर्मस्ट्राँगला आणलं तेव्हा मीही तिला शिव्या घातल्या, लपवत नाही. या जानेवारीत मुंबईत लोलापलूझा महोत्सवात तिला ऐकलं. ती चेस्टरची नक्कल करत नाही. तिची किंकाळी तिची स्वतःची आहे, जराशी खरवडलेली. माझ्या शेजारी एक दादा सुरुवातीपासून हाताची घडी घालून उभा होता, परीक्षकासारखा. तासाभराने बघितलं तर घडी सुटलेली, आणि तो टिपेला गात होता.

घसा_साफ_करून :
त्याला लिंकिन पार्क म्हणू नये. तो त्यांच्या गाण्यांचा ऑर्केस्ट्रा झाला. नाव बदला आणि खुशाल गा.

मागची_रांग :
बॉन स्कॉट फेब्रुवारी १९८० मध्ये गेला. एसी/डीसीने नवा गायक घेतला आणि त्याच जुलैत 'बॅक इन ब्लॅक' बाजारात आला. तुमच्या कपाटात असेलच. त्यावरचं नाव पण खोडायचं का?

घसा_साफ_करून :
ते वेगळं होतं.

मागची_रांग :
कसं?

उलटा_फेरा :
(काकांच्या उत्तराची वाट बघत शेंगदाणे घेऊन बसलोय.)

पहाटे_तीनला :
वर व्हिला पार्कचा उल्लेख आला म्हणून लिहितो. एरवी नुसता वाचत असतो.

बाबांना पार्किन्सन्स आहे, आता नववं वर्ष. ५ जुलैची ती कॉन्सर्ट मी पैसे भरून लॅपटॉपवर बघत होतो. आपल्याकडे पहाट व्हायला आली होती. बाबा बाथरूमसाठी उठले. त्यांना हात धरून न्यावं लागतं. परतताना ते माझ्याच खोलीत खुर्चीवर टेकले. स्क्रीनवर ऑझी, वय ७६, काळ्या सिंहासनावर. बाबांनी विचारलं, "हा बसून का गातो?" म्हटलं, "त्यालाही तुमचाच आजार आहे."

मग ते काही बोलले नाहीत. या संगीताला ते आयुष्यभर 'डबे बडवणं' म्हणत आले. ऑझीला उभं राहायचं होतं, ते स्पष्ट दिसत होतं, आणि शरीर ऐकत नव्हतं. आवाज जागोजागी घसरत होता, मध्येच सापडत होता. बाबांचा उजवा हात नेहमीसारखा मांडीवर थरथरत होता, त्यावर त्यांनी डावा ठेवला. तरुणपणी ते भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. गाणं संपल्यावर म्हणाले, "सम सोडत नाही पण."

२२ जुलैला तो गेला. बातमी मीच बाबांना वाचून दाखवली. रावपुरा, तुमच्या नियमाने हा माणूस पाच वर्षं आधीच घरी बसायला हवा होता.

तानपुरा_चालू :
तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा.

रावपुरा_रॉकर :
काल यावर काही लिहवलं नाही. आज लिहितो.

ऑझीबद्दल माझी तक्रार नाही, असूच शकत नाही. त्याला काय झालंय ते तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. एकच दिवस, त्याच्या स्वतःच्या गावात, आणि पैसा पार्किन्सन्सच्या संशोधनाला आणि मुलांच्या रुग्णालयाला. खुर्ची लपवली नाही, घसरलेला सूर लपवला नाही. मी बघून आलो त्या कॉन्सर्टच्या पोस्टरवर तीस वर्षांपूर्वीचा फोटो होता. केस कमरेपर्यंत. तिकीट त्या फोटोचं विकलं आणि आवाजही त्याच सालचा, टेपवरून, ऐकवला. मग मी कोणाला बघून आलो?

ड्रॉप_डी :
म्हणजे तुमची तक्रार आवाज उतरल्याची नाहीच, तो झाकल्याची आहे. तीन दिवस आम्ही भलत्याच खिंडीत लढतोय. शीर्षक बदला.

रावपुरा_रॉकर :
शीर्षक राहू द्या. झाकल्याशिवाय जमत नसेल तर थांबा, असा अर्थ घ्या. आणि परत सांगतो, जे आपल्या गरब्यातल्या माणसाला जमतं ते कोट्यवधी कमावणाऱ्यांना का जमू नये?

फेडर_खाली :
नवीन आयडी काढून पहिला प्रतिसाद लिहितोय. मी तो कोपर मारणारा साउंडवाला.

भाई, तीन दिवस गप्प बसलो, पण तू गरब्याचं परत परत लिहितोयस म्हणून सांगतो. मुंबईत मला ट्रॅक लगेच का कळला? कारण मीही सोडतो. सहाव्या-सातव्या रात्री गायकाचा घसा बसतो. सकाळी हळदीचं दूध, दुपारी डॉक्टर, रात्री पुन्हा साडेनऊला स्टेजवर. पहिल्या रात्रीचं सगळं रेकॉर्डिंग आमच्याकडे असतं. कोरस आला की त्याचा फेडर (आवाजाची सरकपट्टी) दोन बोटं वर घेतो. जास्त घेतलं तर कळतं, कमी घेतलं तर उपयोग नाही. ड्रमर कानातल्या क्लिकवर (ठोक्यांवर) वाजवतो, म्हणून लय जुळते. गायक माझ्याकडे बघून मान हलवतो, मी खाली घेतो, तो पुढचं कडवं स्वतः गातो. चिरकणारं जे तू ऐकतोस ते कडवं. सगळं मैदान उचलतं तो कोरस अर्धा माझा असतो.

तू सहा वर्षं त्याच्यावर नाचतोयस. वहिनी पण.

रावपुरा_रॉकर :
कुठल्या ग्राउंडवर?

फेडर_खाली :
ते नाही सांगणार. पास मीच देतो ना तुला.