पिसवांच्या रस्त्यावरचं घर

(आमच्या घरच्या ग्रुपवर तीन-चार दिवस चाललेली चर्चा. आजी सांगलीत, थोरले काका पुण्यात, आत्या मडगावला, दादा सॅन डिएगोला. मीही कॅलिफोर्नियातच, पण वरच्या अंगाला, सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला.)

मी: आजी, घराच्या किल्ल्या मिळाल्या! पत्ता लिहून ठेव. घर नंबर वेगळा पाठवते. रस्ता आलामेदा दे लास पुल्गास, गाव रेडवुड सिटी. वास्तुशांत मार्गशीर्षात धरली आहे.

आजी: देवाची कृपा. पण एवढं सगळं एकाच रस्त्याचं नाव? बोलून पाठव, वाचताना माझी जीभ अडते.

मी: (आवाज, 6 सेकंद)

आजी: तीनदा ऐकलं. आ-ला-मे-दा दे लास पुल्गास. जमलं की.

थोरले काका: अभिनंदन बेटा. पत्रिका मी इथेच छापून घेतो. प्रेसवाल्याने इंग्रजीवरून ‘अलामेडा डी लास पल्गास’ असं लावलंय. बरोबर आहे ना?

मी: नाही काका, थांबवा त्याला. ड नको, द. डी नाही, दे. पल्गास नाही, पुल्गास. नाव स्पॅनिश आहे आणि स्पॅनिशमधला त आणि द आपल्यासारखाच दातांना जीभ लावून म्हणतात. इथले लोक बोलताना ‘अ‍ॅलमीडा’ करतात, कारण इंग्रजीत आपला द नाहीच. आमच्या शेजारच्या काकू मेक्सिकोच्या. मी पहिल्यांदा नाव घेतलं तर त्यांनी विचारलं, तू स्पॅनिश कुठे शिकलीस? म्हटलं, शिकले नाही, मराठी बोलते.

दादा: हे खरं आहे. आमच्याकडे रस्त्याला काये म्हणतात, लिहिताना मात्र दोन एल. आमच्या ऑफिसातले लोक ‘कॅली’ म्हणतात. इथली ला होया नावाची वस्ती पण तसंच, लिहितात जोला. एकदा देवनागरीत लिहून ठेवलं की चुकायला जागाच उरत नाही.

आत्या: सासूबाईंना तुझा आवाज ऐकवला. त्या पोर्तुगीज शाळेत शिकलेल्या. त्यांनी लगेच विचारलं, पोरगी पिसवांच्या रस्त्यावर राहायला गेली काय? पोर्तुगीजमध्येही पुल्गा म्हणजे पिसू!! खरं का गं?

मी: खरं आहे. सांगणारच होते, पण आधी सगळ्यांना नुसतं नाव ऐकू दे म्हटलं.

थोरले काका: पिसू म्हणजे कुत्र्याच्या अंगावर असते ती?

मी: हो, तीच.

थोरले काका: मग पत्रिकेत हे नाव नको. वास्तुशांतीचं निमंत्रण आहे. आज ना उद्या कुणीतरी अर्थ शोधणारच, आणि मग चार लोकांत चर्चा. नुसतं ‘अलामेदा, रेडवुड सिटी’ छापू. तिथले लोकही तसंच म्हणत असतील.

मी: सॅन मातेओकडचे लोक म्हणतात. पण काका, तेवढंच छापलं तर पाहुणे भलतीकडे जातील. खाडीच्या पलीकडे आलामेदा नावाचं अख्खं शहर आहे, ते ज्या जिल्ह्यात येतं त्याचंही नाव आलामेदा. सॅन होजेमध्ये ‘द आलामेदा’ नावाचा वेगळाच जुना रस्ता. तुम्ही मागे पाठवलेला पुस्तकांचा खोका आठवतो? कुरियरच्या काउंटरवरच्या माणसाने गावाच्या रकान्यात आलामेदा लिहिलं, म्हणून खोका आधी खाडीपलीकडे फिरून आला.

दादा: शिवाय ऑनलाइन फॉर्ममध्ये रस्त्याचा प्रकार निवडावा लागतो: स्ट्रीट, अव्हेन्यू, रोड. हिच्या नावात असलं काही येतच नाही, कारण आलामेदा हाच प्रकार. स्पॅनिशमध्ये तो पुढे येतो. काये, कामिनो, पासेओ, आव्हेनिदा आणि मग नाव.

आजी: आलामेदा म्हणजे काय ते कुणी सांगितलंच नाही अजून. सगळे पिसवांनाच धरून बसलात.

मी: आजी, आलामो म्हणजे पॉप्लरच्या जातीचं झाड. ती झाडं दोन्ही बाजूंना लावलेला रस्ता म्हणजे आलामेदा. पुढे कुठल्याही झाडांच्या सावलीतल्या रस्त्याला तसं म्हणायला लागले. सॅन होजेच्या त्या जुन्या रस्त्यावर मिशनच्या, म्हणजे धर्मप्रसारासाठी वसवलेल्या ठाण्याच्या, पाद्रींनी विलोची झाडं लावून घेतली होती, गाव ते सांता क्लाराचं मिशन अशी. तेव्हा अर्ध्या नावात झाडं आहेत, अर्ध्या नावात पिसवा.

आजी: तुझ्या दारात आहेत का झाडं?

मी: समोर एक जुना ओक आहे. पॉप्लर नाही.

आजी: चालेल. आता पिसवांचं सांग.

मी: सांगते, पण थोडं मोठं होईल. 1769 मध्ये पोर्तोला नावाचा स्पॅनिश अधिकारी साठएक माणसं घेऊन दक्षिणेकडून किनाऱ्याने वर चालत आला. हाफ मून बेच्या खालच्या बाजूला त्यांना ओलोनी लोकांची, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांची, एक वस्ती लागली, पण झोपड्या रिकाम्या होत्या. शिपाई आत शिरले आणि अंगभर पिसवा घेऊन बाहेर पळाले. त्यांनी त्या वस्तीलाच पिसवांची वस्ती असं नाव दिलं. बरोबरच्या पाद्रीच्या रोजनिशीत हे लिहिलेलं आहे. ती जागा समुद्राकडची, म्हणजे आमच्यापासून डोंगरापलीकडे. अलीकडे, खाडीच्या बाजूला, हेच नाव एका जमिनीला मिळालं: रांचो दे लास पुल्गास. सुमारे 35 हजार एकर. उत्तरेला सॅन मातेओचा ओढा, दक्षिणेला सॅन फ्रान्सिस्कितोचा ओढा, मधली सगळी जमीन आर्ग्वेयो घराण्याकडे. त्यांच्यातला लुइस आर्ग्वेयो मेक्सिको स्वतंत्र झाल्यावर इथला गव्हर्नर होता. आज त्या जमिनीवर बेलमाँट, सॅन कार्लोस, रेडवुड सिटी, मेन्लो पार्क अशी कितीतरी गावं वसली आहेत.

थोरले काका: म्हणजे आपल्याकडच्या इनामासारखं.

मी: तसंच काहीसं. आणि इनामाचं पुढे जे होतं तेच झालं. 1848 मध्ये कॅलिफोर्निया अमेरिकेकडे गेला आणि जुन्या मालकांना आपली जमीन आपलीच आहे हे आयोगापुढे कागद दाखवून सिद्ध करावं लागलं. वकिलाची फी जमिनीतच द्यायची. आर्ग्वेयोंच्या वकिलाला मोठा हिस्सा मिळाला, त्याने त्यावर प्लॉट पाडले, आणि ते गाव काही काळ त्याच्याच नावाने ओळखलं जायचं: मेझेसव्हिल. तीच आजची रेडवुड सिटी. घराणं गेलं, वकिलाचं नावही गेलं. पिसवा तेवढ्या राहिल्या.

आत्या: सासूबाई ऐकतायत. विचारतात, त्या झोपड्यांतल्या लोकांचं पुढे काय झालं?

मी: आत्या, मला रोज टोचतं ते हेच. आमच्या भागात लाम्चिन नावाची ओलोनी लोकांची जमात राहायची. त्यांना सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशनमध्ये नेलं. तिथे आजारांनी फार माणसं गेली. ह्या टेकडीला, ह्या ओढ्याला ते काय म्हणायचे ते पाट्यांवर कुठेच नाही. पाट्यांवर राहिलं ते आलेल्या शिपायांनी दिलेलं नाव. म्हणून मला हे नाव लपवावंसं वाटत नाही. निदान एवढं तरी त्यात उरलंय, की तिथे आधी कुणाची तरी घरं होती आणि कुणी तरी न विचारता आत शिरलं होतं.

(ह्यानंतर तासभर कुणी काही लिहिलं नाही. सांगलीत रात्र झाली होती.)

दादा: मी सकाळपासून हेच वाचतोय. एक सांगू? हिच्या रस्त्याचं नाव खरं तरी आहे. आमच्या बाजूला बिल्डरांनी घरं विकायला स्पॅनिश शब्द नुसते चिकटवलेत. डेल मारजवळ विया दे ला वाये नावाचा मोठा रस्ता आहे. वाये, म्हणजे खोरं, स्पॅनिशमध्ये पुल्लिंगी, तेव्हा देल वाये हवं होतं. मिशन व्हिएहो नावाचं अख्खं शहर आहे, तेही चुकीचं. मिसियोन स्त्रीलिंगी, म्हणून व्हिएहा हवं. आपल्याकडे कुणी ‘जुना गल्ली’ अशी पाटी लावली तर?

आत्या: आमच्याकडे पणजीत फोंतेन्यासमध्ये निळ्या-पांढऱ्या फरशीवर रुआ द ओरें अशी पाटी आहे. आणि जवळच 18 जून रस्ता. 1946 मध्ये त्या तारखेला मडगावात लोहियांची सभा झाली, त्यावरून. दोन्ही नावं चालतात. कुणी विचारलं तर गोष्ट सांगायची.

थोरले काका: सगळं मान्य. पण लोक पत्रिका वाचतात, इतिहास नाही वाचत. शुभकार्याच्या पत्रिकेवर पिसवा मला नको वाटतात एवढंच.

आजी: तू राहतोस कुठे रे?

थोरले काका: म्हणजे? सदाशिव पेठेत.

आजी: सदाशिव पेठेत कुठे? तुझ्या लग्नाच्या पत्रिकेत काय छापलं होतं?

थोरले काका: खुन्या मुरलीधराजवळ.

आजी: मूर्तीच्या स्थापनेच्या वेळी तिथे रक्त सांडलं म्हणून ते नाव. तू तेच पत्रिकेवर छापलंस, नातवाच्या बारशालाही छापलंस. पुण्यात उपाशी विठोबा आहे, भिकारदास मारुती आहे, पासोड्या विठोबा आहे. पत्ता सांगताना कुणी खाली मान घालतं का? आणि गोदेकाठी पैठणजवळ मुंगी नावाचं गाव आहे. मुंगी-पैठण म्हणतो आपण. मुंगी चालते आणि पिसू का नाही?

थोरले काका: आई, तू जिंकलीस. पूर्ण नाव छापतो.

आत्या: द नीट छाप हं.

मी: काका, पाहुण्यांसाठी पत्त्याखाली एक ओळ हवी. हा रस्ता बऱ्याच गावांतून जातो, सॅन मातेओपासून बेलमाँट, सॅन कार्लोस, मग आम्ही, आणि शेवटी मेन्लो पार्क. घरांचे नंबर प्रत्येक गावाचे वेगळे. बेलमाँटची शाळा 1400 ला आहे आणि सॅन मातेओची 900 ला, पण मधे गाव बदलल्यामुळे त्यावरून अंतर कळत नाही. तेव्हा ‘नकाशात गावाचं नाव आणि पिनकोड टाकूनच शोधावे’ असं लिहा.

थोरले काका: लिहितो. आणि एल कामिनो रियाल का काय, त्याची खूण द्यायची का?

मी: हो, ‘एल कामिनो रेआलवरून टेकडीच्या बाजूला’ असं लिहा. तो राजमार्ग. सॅन डिएगो ते सोनोमा अशी 21 मिशनं त्याने जोडलेली. आमचा रस्ता त्याच्या वरच्या अंगाने, साधारण समांतर जातो.

आत्या: सासूबाई म्हणतात, पिसवांच्या नावाचं आणखी काही आहे का तुमच्याकडे?

मी: आहे, आणि ते मला फार आवडतं. कान्यादा नावाच्या रस्त्यावर पुल्गास जलमंदिर आहे. सिएरा नेवादा डोंगरातल्या हेच हेची धरणाचं पाणी सॅन फ्रान्सिस्कोसाठी नळांतून इथवर येतं. 1934 मध्ये ते पहिल्यांदा पोचलं, त्याची आठवण म्हणून गोल खांबांचं हे छोटं मंदिर बांधलं. आत कुठली मूर्ती नाही, पाण्याचीच आठवण. आम्ही घर बघायला आलो त्या दिवशी तिथे बसलो होतो. आणि कान्यादामधला न्य स्पॅनिशमध्ये न वर नागमोडी रेघ देऊन लिहितात. ती रेघ छापताना गळली की लोक कॅनडा वाचतात. आपल्याकडे ञ आहे, पण बिचारा कधी लागतच नाही.

आजी: वास्तुशांतीच्या कलशात ते पाणी घाल. नळाला तेच येतं ना?

मी: हो आजी, आमच्या नळाला तेच.

आजी: मग झालं. नदी कुठली ते नीट विचारून ठेव, गुरुजी संकल्पात विचारतील.

मी: तुओलुमी नदी, आजी. हेच हेचीचं धरण तिच्यावरच आहे.

आजी: तु-ओ-लु-मी. हेही बोलून पाठव.

थोरले काका: (फोटो) प्रेसमधून नमुना आला. बघा.

मी: आलामेदा दे लास पुल्गास, रेडवुड सिटी. काका, अगदी बरोबर! ‘दे’ आणि ‘लास’ वेगवेगळे हवेत, ते जोडून आलेत तेवढं सोडवायला सांगा.

आजी: बेसनाचे लाडू आणि भडंग उद्या पाठवतेय. कुरियरवाल्याकडे ह्या वेळी मी स्वतः बसून पत्ता लिहून घेणार. डब्याच्या झाकणाला आतून देवनागरीत चिठ्ठी चिकटवली आहे. लाडू वरच्या डब्यात आहेत, खोका उलटा धरू नकोस.