मदत हवी आहे: बँकॉक, टीएम ३० आणि घरमालकीण

बँकॉकमध्ये राहणाऱ्यांना विचारतोय. गेल्या महिन्यात ऑन नुटमधलं घर सोडून बांग नाला कॉन्डो भाड्याने घेतला. परदेशी माणूस राहायला आला की २४ तासांत टीएम ३० हा फॉर्म भरून इमिग्रेशनला कळवायची जबाबदारी घरमालकाची. आमच्या मालकीणबाई चियांग मायला असतात. लाइन ॲपवर मेसेज करून विचारलं की 'माय पेन राय', म्हणजे काही हरकत नाही, आणि हात जोडलेल्या सशाचं स्टिकर. तीन आठवडे हेच चाललंय. बाई खरंच प्रेमळ आहेत, दोन महिन्यांचं डिपॉझिटही त्यांच्याकडे आहे, त्यामुळे वाद नकोय.

माझ्या नॉन-बी, म्हणजे नोकरीच्या व्हिसाची मुदतवाढ पुढच्या महिन्यात आहे आणि कंपनीच्या एचआरने टीएम ३० ची पावती मागितली आहे. दर ९० दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवायचा रिपोर्ट वेगळा, तो वेळेवर भरलाय. कॉन्डोच्या ऑफिसात गेलो, ते म्हणाले मालकानेच करायचं. ऑनलाइन स्वतः भरायला गेलो तर घराच्या नोंदणीच्या निळ्या पुस्तकाशी, म्हणजे ताबियन बानशी, गाडी अडली. माझ्याकडे त्याची प्रत नाही. सही केलेला भाडेकरार आणि बाईंच्या ओळखपत्राची सही केलेली प्रत आहे. मुखत्यारपत्र पाठवलं तर त्या सही करून देतील असं वाटतं.

थाई मला कामापुरतीच येते, रजा एकच दिवस मिळेल, आणि एजंट शक्यतो नको.

निळ्या पुस्तकाची प्रत नसताना, एवढ्या कागदांवर चेंग वत्तनाच्या इमिग्रेशन ऑफिसात भाडेकरूने स्वतः टीएम ३० भरल्याचा अलीकडचा अनुभव कोणाला आहे का? आणि उशिराचा दंड भाडेकरूला तिथेच भरता येतो का?