भाकरीचा तुकडा

तुमच्या सासूबाई शिळ्या भाकरीचा तुकडाही टाकू देत नाहीत, याला तुम्ही चिकटपणा म्हणालात, म्हणून लिहितेय. त्या सत्तरीच्या पुढे असतील आणि माहेर मराठवाड्यातलं किंवा नगर-सोलापूरकडचं असेल, तर १९७२ च्या दुष्काळात त्यांनी काय खाल्लं, एवढं एकदा विचारा. माझी आई तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडायची. घरी मिलोची, म्हणजे अमेरिकेतून आलेल्या ज्वारीची लालसर भाकरी; कामावर सुकडी, म्हणजे तिथे मजुरांना मिळणारा कोरडा खाऊ. त्यातली अर्धी सुकडी पदरात बांधून ती धाकट्या भावांसाठी आणायची. हे मला चाळिशीत कळलं, तेही मावशीकडून. आई स्वतः कधीच बोलली नाही. अजूनही जेवण झालं की ताटाभोवतीचे कण ती बोटाने टिपून तोंडात टाकते. पूर्वी पाहुण्यांसमोर मला लाज वाटायची. आता मी तिच्या शेजारीच पान मांडून बसते.