घरच्या कुंड्यांना कोणतं खत, किती आणि कधी? (अनुभव धागा)

पाऊस ओसरला की कुंड्यांची खरी कामं सुरू होतात: छाटणी, माती बदलणं, खतं. "कोणतं खत चांगलं?" या प्रश्नाला कुंडीचं माप, माती, पाणी आणि ऊन कळल्याशिवाय उत्तर देता येत नाही. त्यामुळे लिहिताना या गोष्टी आवर्जून सांगा आणि खताचं प्रमाण ग्रॅममध्ये द्या. "मूठभर" शब्दाने फार नुकसान होतं. गांडूळखताची मूठ झाडाला मानवते, डीएपी या तीव्र रासायनिक खताच्या मुठीने तेच झाड जळतं.

डोंबिवली, पूर्वेची बाल्कनी, नळाचं पाणी

सुरुवात पिशवीवरच्या आकड्यांपासून करू. 19:19:19 म्हणजे शंभर ग्रॅममध्ये नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश) प्रत्येकी 19 ग्रॅम. पानं-फांद्या वाढायच्या काळात हे पुरतं. कळ्या धरताना 00:52:34, फळं भरताना 13:00:45 किंवा 00:00:50. ही सगळी पाण्यात विरघळणारी खतं आहेत. कुंडीला लिटरभर पाण्यामागे 1 ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, यापुढे जाऊ नये. चहाचा सपाट चमचा साधारण 5 ग्रॅमचा, म्हणजे एक चमचा 5 लिटरला. शक्य असेल तर छोटा वजनकाटा घ्याच.

आधी साधं पाणी घालून माती ओली करायची, मग खताचं पाणी. कोरड्या मातीत खत गेलं की मुळांभोवती क्षार तीव्र होतात आणि दोन दिवसांत पानांच्या कडा करपतात. तसं झालंच तर कुंडीच्या मापाच्या दुप्पट पाणी हळूहळू ओतून खालून वाहून जाऊ द्यावं आणि महिनाभर खत बंद ठेवावं. मातीच्या कुंडीला बाहेरून पांढरा थर धरला तर खतातले आणि पाण्यातले क्षार साठत आलेत असं समजा.

कॅल्शियम नायट्रेट मात्र कायम वेगळं द्यायचं. 00:52:34, 00:00:50 किंवा एप्सम सॉल्टच्या (मॅग्नेशियम सल्फेट) दाट द्रावणात ते मिसळलं की पाणी दुधाळ होतं आणि तळाशी साका बसतो. साक्यातलं अन्न मुळांना घेता येत नाही. दोन्हींमध्ये निदान चार-पाच दिवस जाऊ द्यावेत. पिशव्या उघडल्यावर हवाबंद डब्यात ठेवा, पावसाळी हवेत ही खतं पाणी ओढून दगड होतात.

नाशिक, गच्ची, दिवसभर ऊन, टोमॅटो-वांगी-मिरची

विद्राव्य खतं उपयोगी आहेत, पण भाजीला आधी मातीतच जोर हवा. माझं मिश्रण: बागेची माती 40 टक्के, कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत 30, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) 30. बारा इंची कुंडीला त्यात 50 ग्रॅम निंबोळी पेंड आणि 30 ग्रॅम बोनमील (हाडांचा चुरा). मिश्रण ओलसर करून आठ-दहा दिवस सावलीत ठेवायचं आणि मगच रोप लावायचं. पेंड मातीत कुजताना गरम होते, लगेच लावलेल्या रोपाची कोवळी मुळं त्यात भाजतात.

शेणखत कुजलेलं आहे का ते हातात घेऊन पाहा. काळं, भुसभुशीत, मातीचा वास येणारं असेल तरच घ्या. ढेकूळ फोडल्यावर आत हिरवट रंग आणि शेणाचा दर्प असेल तर ते कच्चं. कच्च्या शेणखतातून अमोनिया निघतो आणि हुमणीच्या अळ्या येतात, त्या आतून मुळं खातात. वरून पाणी व्यवस्थित असूनही झाड मलूल दिसतं तेव्हा कुंडी उपडी करून बघावी.

रोप महिन्याचं झाल्यावर दर वीस दिवसांनी 100 ग्रॅम गांडूळखत मातीच्या वरच्या थरात मिसळायचं. फुलोऱ्यापर्यंत पेंडीचं पाणीही चालतं: 100 ग्रॅम शेंगदाणा पेंड 1 लिटर पाण्यात, झाकण सैल, रोज ढवळत तीन-चार दिवस. मग गाळून दहापट पाण्यात. फुलं लागली की हे थांबवावं. नत्र जास्त झालं की टोमॅटो नुसता पानांनी माजतो, फूल गळतं आणि कोवळ्या शेंड्यांवर मावा येतो.

टोमॅटोच्या बुडाशी काळा डाग पडला की सगळे अंड्याची टरफलं टाकतात. तो डाग फळापर्यंत कॅल्शियम न पोचल्याचा असतो, आणि ते बहुतेक वेळा पाणी अनियमित पडल्यामुळे. एक दिवस कोरडं, दुसऱ्या दिवशी तुडुंब, असं पाणी बंद करा. वर दोन इंच पालापाचोळ्याचं आच्छादन घाला. टरफलं विरघळायला फार वेळ लागतो, चालू हंगामाला त्यांचा उपयोग नाही.

पुणे, बोअरचं पाणी, गुलाब आणि जास्वंद

पिवळं पान दिसलं की खत घालायची घाई होते. आधी कोणतं पान पिवळं आहे ते बघा.

खालची जुनी पानं सरसकट पिवळी पडत असतील तर नत्र कमी आहे. जुन्या पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम, त्याला एप्सम सॉल्ट लिटरला 2 ग्रॅम, महिन्यातून एकदा. शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर लोह.

काळ्या मातीचा सामू (पीएच) बहुधा साडेसातच्या वर असतो, त्यात बोअरच्या जड पाण्याने भर पडते. मातीत लोह असतं, पण अशा सामूला मुळांना ते घेता येत नाही. दुकानात सहसा ईडीटीए चिलेटेड लोह (मुळांना घेता येईल अशा रूपात बांधलेलं) मिळतं, ते साधारण साडेसहा सामूच्या वर टिकत नाही. आपल्याला हवं ते ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह, गडद लालसर रंगाचं. लिटरला 1 ग्रॅम, मातीतून, संध्याकाळी. आधीची पानं पूर्ण हिरवी होतीलच असं नाही, नवी फूट बघून परिणाम ठरवावा. पावसाचं पाणी साठवून जास्वंदीला देता आलं तर फारच उत्तम.

जास्वंदीला दर महिन्याला बोनमील घालू नका. जास्तीचं स्फुरद मातीत साठतं आणि लोह अडवतं. वर्षाच्या माती-बदलाच्या वेळी घातलं तेवढं पुरे.

रत्नागिरी, अंगण आणि पडवी

पुण्याचा सल्ला आमच्याकडे जसाच्या तसा लागू नाही. जांभ्या मातीचा कल आम्लाकडे, त्यामुळे चुलीतली लाकडाची राख इथे कामाची आहे: बारा इंची कुंडीला दोन मोठे चमचे, वर्षातून दोनदा. हीच राख काळ्या मातीत घातली तर सामू आणखी चढेल. राख आणि युरिया किंवा ताजं शेण एकत्र करू नये, नत्र वायू होऊन उडून जातं.

जून ते सप्टेंबर विद्राव्य खतं बंद. इथल्या पावसात ती घातली त्याच दिवशी वाहून जातात. मे अखेरीस निंबोळी पेंड आणि शेणखत, नंतर थेट ऑक्टोबरात.

ठाणे, स्वयंपाकघरातल्या खतांबद्दल

केळीच्या साली पाण्यात ठेवून केलेल्या "पोटॅश पाण्यात" पालाश थोडंच उतरतं आणि त्याला चिलटं येतात. साली कंपोस्टमध्ये टाकाव्यात. चहाचा चोथा दोनदा धुऊन वाळवल्याशिवाय घालू नये, दूध-साखरेवर मुंग्या आणि बुरशी येते. कढीपत्त्याला आंबट ताक हा जुना उपाय आहे. 1 भाग ताक, 10 भाग पाणी, महिन्यातून एकदा, मीठ अजिबात नको. पण पानं भरपूर हवीत तर त्याला नत्र लागतं, तेव्हा गांडूळखत हवंच आणि शेंडे खुडत राहायला हवेत.

नागपूर, थोड्या कुंड्यांसाठी जीवामृत

20 लिटर पाणी, 1 किलो ताजं देशी गाईचं शेण, 1 लिटर गोमूत्र, 200 ग्रॅम गूळ, 200 ग्रॅम बेसन, झाडाखालची मूठभर माती. सावलीत 48 तास, सकाळ-संध्याकाळ ढवळून. आठवड्याच्या आत संपवावं. कुंडीला दहापट पातळ करून द्यायचं. यातली अन्नद्रव्यं फार थोडी, काम जिवाणूंचं. म्हणून नुसत्या कोकोपीटच्या कुंडीत त्याचा फारसा उपयोग दिसत नाही, त्यांना काम करायला सेंद्रिय खत हवं.

आवरण असलेल्या, हळूहळू सुटणाऱ्या दाणेदार खताबद्दलही सांगते. ते किती महिने पुरेल म्हणून त्यावर लिहिलेले महिने साधारण 21 अंश तापमानाचे असतात. आमच्या उन्हाळ्यात ते बरंच लवकर सुटतं, म्हणून मार्चनंतर निम्मंच घालावं.

डोंबिवली (पुन्हा)

दोघांनी मोगऱ्याचं विचारलं आहे. जानेवारी अखेरीस छाटणी, राहिलेली पानं काढून टाकायची. मग बारा इंची कुंडीला 250 ग्रॅम गांडूळखत, 30 ग्रॅम निंबोळी पेंड. नवी फूट बोटभर झाली की 19:19:19 एकदा, कळ्या दिसल्या की 00:52:34 दोनदा. सहा तास ऊन नसेल तर यातलं काहीही घालून फुलं येणार नाहीत, फक्त पानं येतील. घरातल्या मनीप्लांट, सान्सेवेरियाला याच्या निम्मी मात्रा, तीही नवी पानं येत असतानाच.

आणि घरात कुत्रं असेल तर एरंडी पेंड आणू नका. तिचा वास त्यांना आवडतो आणि ती विषारी असते. निंबोळी पेंडही मातीत नीट मिसळून वर दोन बोटं माती ओढा.